ऑटोइम्यून आजार आणि मन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ल्युपस, रुमॅटॉइड संधिवात, सोरायसिस (त्वचेचा), मल्टिपल स्क्लेरोसिस (मज्जासंस्थेचा), क्रोन्स (आतड्याचा), हाशिमोटो (थायरॉइडचा). हे सगळे ऑटोइम्यून आजार, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवांवर उलटते असे. आजारांची नावं वेगवेगळी असली तरी येणाऱ्या प्रश्नांच्या शेवटी बरेचदा एकच ओळ असते : "हे डॉक्टरांना विचारायचं राहून गेलं." असे पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. आमचं मत सुरुवातीलाच सांगून टाकतो. मनाची तक्रार ही या आजारांच्या बाहेरची गोष्ट नाही. सांधे, त्वचा किंवा आतडं ज्यांना दाखवता, त्याच डॉक्टरांना ती आधी सांगायची. आणि हे वाचून कुठलंही औषध स्वतःहून सुरू किंवा बंद करू नका.

१. मला संधिवात आहे. सांधे दुखणार हे कळतं, पण मन एवढं का खचतं? मीच कमकुवत आहे का?

नाही. रुमॅटॉइड संधिवातावरच्या ७२ अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात तेरा हजारांहून जास्त रुग्ण होते. निदानाचे कडक निकष लावले तेव्हा सुमारे १७ टक्के रुग्णांना नैराश्य होतं, म्हणजे साधारण सहांतल्या एकाला. काही प्रश्नावल्या भरून घेतल्या तेव्हा हा आकडा दुपटीच्याही वर गेला. इतक्या जणांचा स्वभाव एकाच वेळी कमकुवत निघत नसतो.

कारणं तीन दिशांनी येतात : आजार स्वतः, त्याची औषधं, आणि आजारामुळे बदललेलं आयुष्य. पुढच्या बहुतेक उत्तरांत हेच बघायचं आहे की तुमच्या बाबतीत यातलं कोण किती जबाबदार आहे. तिन्हींवरचे उपाय वेगळे आहेत.

२. सूज सांध्यात आहे. तिचा मेंदूशी काय संबंध?

सूज निर्माण करणारे रासायनिक दूत, म्हणजे सायटोकाइन्स (इंटरल्यूकिन-६, टीएनएफ-अल्फा वगैरे), रक्तातून आणि नसांमधून मेंदूपर्यंत निरोप पोचवतात. तापात आपण काय करतो ते आठवा. भूक मरते, कोणी बोलायला आलेलं नको वाटतं, कशात लक्ष लागत नाही, पडून राहावंसं वाटतं. ही शरीराने ठरवून लावलेली विश्रांती असते आणि ताप उतरला की संपते. ऑटोइम्यून आजारात हाच निरोप महिनोन्‌महिने चालू राहतो.

याचा एक भक्कम पुरावा वेगळ्याच आजारातून मिळाला. हिपॅटायटिस-सीवर पूर्वी इंटरफेरॉन-अल्फाची इंजेक्शनं देत. हा पदार्थ रोगप्रतिकारशक्तीला चेतवतो. ती घेणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना उपचार चालू असतानाच नैराश्य आलं, आधी कधीही मनाचा त्रास नसलेल्यांनासुद्धा.

मात्र सगळंच सुजेच्या माथी मारता येत नाही (प्रश्न १३ पाहा).

३. हा आजाराचा थकवा आहे की डिप्रेशन? कसं ओळखायचं?

सगळ्यात जास्त वेळा आलेला आणि सगळ्यात अवघड प्रश्न. ढोबळ खूण अशी : थकव्यात करायची इच्छा असते, अंगात ताकद नसते. नैराश्यात इच्छाच उरत नाही. नोंदवहीत हा फरक चांगला दिसतो. समजा, कोणी असं लिहिलं आहे :

"मंगळवार. झोप ५ तास, दोनदा जाग. सकाळी बोटं तासभर आखडलेली, ब्लाउजची हुकं लावता आली नाहीत. दुपारी भाचीचा फोन, खूप हसलो. संध्याकाळी पुन्हा गळून गेले."

"शुक्रवार. बोटं बरी. भाचीचा फोन वाजत होता. उचलला नाही. का ते माहीत नाही."

मंगळवार शरीराला जड गेला. शुक्रवारची नोंद वाचून आम्हाला जास्त काळजी वाटते. असे शुक्रवार दोन आठवडे सलग आले तर थांबू नका, डॉक्टरांशी बोला.

दवाखान्यात पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची चाचणी बहुधा देतात. मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, गुण ० ते २७, आणि १० किंवा त्याहून जास्त आले तर नीट तपासणी करायची असा संकेत आहे. अडचण अशी की झोप, थकवा, भूक, मंदावलेल्या हालचाली आणि एकाग्रता यांवरचे प्रश्न आजारामुळेही गुण वाढवतात. म्हणून पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं जास्त बोलकी : कशात रस वाटतो का, आणि उदास किंवा हताश वाटतं का. शारीरिक आजार असलेल्यांसाठी १९८३ मध्ये एचएडीएस ही वेगळी प्रश्नावली तयार झाली, तिच्यातून शारीरिक लक्षणं मुद्दाम वगळली होती.

निष्कर्ष काढण्याआधी रक्त तपासून घ्या : हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२, लोह. एक ऑटोइम्यून आजार असलेल्याला दुसरा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. थायरॉइड मंदावला तर चित्र हुबेहूब नैराश्यासारखं दिसतं, वाढला तर चिंतेसारखं. शरीराला बी-१२ शोषू न देणारा पर्निशियस अॅनिमिया हाही ऑटोइम्यूनच आहे आणि त्यात स्मरणशक्ती व मन दोन्ही ढासळू शकतात. हे सापडलं तर उपचार सोपा असतो, म्हणून ते राहून जाणं जास्त चुटपूट लावतं.

४. घरचे म्हणतात, "फार विचार करतेस म्हणून हे झालं." ताणामुळेच आजार होतो का?

ताणाचा संबंध आहे, पण घरचे म्हणतात तसा नाही. स्वीडनमधल्या लाखभराहून अधिक लोकांच्या नोंदींवरचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तीव्र आघात किंवा ताणाशी निगडित मानसिक विकार झालेल्यांत दर वर्षी हजारी ९ जणांना पुढे ऑटोइम्यून आजार झाला. तसा विकार नसलेल्यांत हे प्रमाण हजारी ६ होतं. धोका वाढला, हे खरं. पण म्हणजे तसा विकार झाल्यावरही दरसाल हजारातल्या ९९१ जणांना तो झाला नाही, आणि ज्यांना तसा विकार झालाच नाही त्यांच्यातही सहांना झाला. जनुकं, संप्रेरकं, काही संसर्ग, धूम्रपान असं बरंच काही एकत्र यावं लागतं.

आजार झाल्यावर ताणाने त्रास उसळतो, असं मात्र पुष्कळ रुग्ण सांगतात. तिथे काहीतरी करता येतं (प्रश्न ८ आणि ९). "तुझ्यामुळेच झालं" या वाक्याने ताण तेवढा वाढतो, बाकी काही नाही.

५. स्टिरॉइड सुरू झाल्यापासून झोप उडाली आहे. रात्री दोन वाजता कपाट आवरत बसते, सकाळी सगळ्यांवर खेकसते. हे गोळ्यांमुळे का?

बहुधा हो, आणि हे डॉक्टरांना याच आठवड्यात कळवायला हवं. प्रेडनिसोलोनसारख्या स्टिरॉइडने झोप जाणं, चिडचिड, अस्वस्थता, कारण नसताना उत्साह, रडू येणं, आणि क्वचित भ्रमही होऊ शकतात. बरेचदा पहिल्या एक-दोन आठवड्यांतच सुरुवात होते. मात्रेचा थेट संबंध आहे. १९७२ च्या एका अमेरिकी पाहणीत दिवसाला ४० मिलिग्रॅम किंवा कमी प्रेडनिसोन घेणाऱ्यांपैकी १.३ टक्के रुग्णांना ठळक मानसिक त्रास झाला, ४१ ते ८० मिलिग्रॅमवाल्यांत ४.६ टक्के, आणि ८० च्या वर १८.४ टक्के. ही रुग्णालयात दाखल असलेल्यांची आकडेवारी आहे. नुसती झोप उडणं यापेक्षा कितीतरी जास्त जणांत दिसतं.

काय करता येतं? दिवसाची मात्रा सकाळी एकदम घ्यायची सोय आहे का, ते विचारा. मात्रा लवकर उतरवता येईल का, स्टिरॉइडची गरज कमी करणारं दुसरं औषध जोडता येईल का, हेही विचारा. पण गोळी मनाने बंद करू नका. काही आठवडे स्टिरॉइड घेतल्यावर शरीराचं स्वतःचं कॉर्टिसोल (नैसर्गिक स्टिरॉइड) बनवणं मंदावतं आणि एकदम थांबवलं तर जिवावर बेतू शकतं. मात्रा उतरवतानाही काही जण उदास होतात. ते आधीच माहीत असलेलं बरं, म्हणजे त्या दिवसांत मोठे निर्णय टाळता येतात.

घरातल्या एकाला तरी सांगून ठेवा : "मी फार बोलायला लागले, झोपेनाशी झाले, पैसे उधळायला लागले तर डॉक्टरांना फोन कर." उत्साह चढलेल्या माणसाला स्वतःला काही बिघडलंय असं वाटतच नाही.

६. बाकीच्या औषधांनीही मनावर परिणाम होतो का?

काहींनी. ल्युपस आणि संधिवातात देतात त्या हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनमुळे क्वचित मानसिक लक्षणं दिसतात. युरोपच्या औषध नियामकांनी २०२० मध्ये तसा इशारा दिला होता. मल्टिपल स्क्लेरोसिसमधलं इंटरफेरॉन-बीटा, सोरायसिसमधलं अप्रेमिलास्ट आणि ब्रोडालुमॅब यांच्या माहितीपत्रकातही नैराश्य किंवा आत्मघाती विचारांबद्दल सूचना आहे. संधिवातातलं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा घेतात आणि पुष्कळांचा दुसरा दिवस गळून गेल्यासारखा जातो. तो दिवस नोंदवहीत वेगळा ठेवा, नाहीतर त्या थकव्यालाच डिप्रेशन म्हणून बसाल. उलट टीएनएफ रोखणाऱ्या इंजेक्शनांनी सूज उतरली की काहींचं मनही सावरतं.

७. अँटिडिप्रेसंट या औषधांबरोबर चालतात का? आणि सवय लागते का?

बहुतेक वेळा चालतात. लिहून देणाऱ्याला तुमच्या सगळ्या गोळ्यांची यादी मात्र दाखवा, कारण काही जोड्या जपून वापरायच्या असतात. सर्ट्रालिनसारख्या एसएसआरआय गटातल्या गोळ्या आणि आयब्युप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या एकत्र घेतल्या तर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. याच गटाबरोबर ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक असेल तर सिरोटोनिन हे मेंदूतलं रसायन प्रमाणाबाहेर वाढू शकतं. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनबरोबर सिटालोप्राम किंवा एस्सिटालोप्राम हे अँटिडिप्रेसंट द्यायचं असेल तर ईसीजी पाहून ठरवतात. श्योग्रेन या ऑटोइम्यून आजारात तोंड आधीच कोरडं असतं, तिथे अॅमिट्रिप्टिलिन या अँटिडिप्रेसंटने आणखी हाल होतात. दुखणंही जास्त असेल तर ड्युलोक्सेटिनचा विचार होतो, कारण ते काही प्रकारच्या वेदनांवरही चालतं.

'वनस्पतीपासूनचं आहे, म्हणजे निर्धोक' असं समजून सेंट जॉन्स वर्ट घेऊ नका. त्याने सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाची रक्तातली पातळी घसरते.

सवयीबद्दल : अँटिडिप्रेसंटची व्यसनासारखी ओढ लागत नाही, पण एकदम थांबवलं तर चक्कर, बेचैनी असा त्रास होतो, म्हणून हळूहळू उतरवतात. सवय लागते ती झोपेच्या आणि चिंतेच्या बेंझोडायझेपिन गटातल्या गोळ्यांची. लोक भितात पहिल्याला, आणि दुसरी वर्षानुवर्षं चघळतात.

८. गोळ्यांची संख्या आणखी वाढवायची नाही. नुसतं बोलून काही होतं का?

होतं. सौम्य ते मध्यम नैराश्यात सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणूक यांवर काम करणारी बोलण्याची उपचारपद्धती, गोळ्यांच्या तोडीची मानतात. तीव्र असेल तर दोन्ही मिळून बरं. संधिवातासारख्या आजारांतल्या थकव्याबद्दल युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने, युलारने, २०२३ मध्ये शिफारशी दिल्या. त्यात व्यायाम आणि मानसशास्त्रीय मार्गदर्शन या दोन्हींवर भर आहे.

समुपदेशक निवडताना एक विचारा : दीर्घ आजाराच्या रुग्णांबरोबर काम केलंय का? पहिल्याच भेटीत "मन खंबीर केलंत की सांधे बरे होतील" असं कोणी म्हणालं तर दुसरीकडे जा. आजाराची औषधं बंद करायला सांगितलं तर त्याच क्षणी उठा.

९. व्यायाम करा म्हणतात. इथे उठवत नाही, व्यायाम कुठला?

प्रश्न रास्त आहे. बहुतेकांचं गणित असं चुकतं : बरं वाटलं त्या दिवशी साचलेली सगळी कामं उरकायची, आणि मग तीन दिवस अंथरुणात. त्याऐवजी वाईट दिवशीही जमेल एवढंच ठरवा. समजा पाच मिनिटं चालणं. चांगल्या दिवशीही तेवढंच करा. आठवडाभर निभावलं तर मिनिटभर वाढवा. चांगल्या दिवशी हात आखडता घेणं हाच यातला सगळ्यात कठीण भाग. सांधे सुजलेले असताना काय करायचं ते फिजिओथेरपिस्टला विचारा.

१०. डॉक्टरांकडे पाच मिनिटं मिळतात. त्यात मनाचं कधी सांगू?

शेवटी नको. दाराशी पोचल्यावर "आणि हल्ली थोडं उदास वाटतं" म्हटलं की उत्तर ठरलेलं : "होतं असं." बसल्या बसल्या सांगा, आणि काळ व परिणाम घालून सांगा : "डॉक्टर, तीन आठवड्यांपासून कशात मन लागत नाही, पहाटे चारला जाग येते, दोनदा औषध चुकवलंय. आधी त्याबद्दल बोलायचंय." औषध चुकवल्याचं ऐकलं की कुठल्याही डॉक्टरांचे कान टवकारतात.

हे सांगण्याचा आणखी एक फायदा आहे, तो सहसा कोणी समजावत नाही. संधिवात किती सक्रिय आहे हे डीएएस-२८ या मोजमापाने ठरवतात. २८ सांध्यांपैकी किती दुखतात, किती सुजलेत, रक्तातला ईएसआर किंवा सीआरपी (सूज दाखवणाऱ्या चाचण्या) किती, आणि रुग्ण स्वतःला किती गुण देतो, या चार गोष्टींचा तो हिशेब. दुखणं आणि स्वतःचे गुण या दोन्हींवर मनाची छाया पडते. सूज नाही, सीआरपी ठीक, तरी आकडा चढलेला, असं झालं तर नैराश्याऐवजी संधिवाताचंच औषध वाढवलं जाऊ शकतं. उलटही घडतं. मनाची तक्रार कळल्यावर खरी सूजही 'टेन्शन' म्हणून झटकली जाते. तसं वाटलं तर स्पष्ट विचारा : "सुजलेले सांधे किती मोजलेत?"

११. "तू तर छान दिसतेस की!" याला काय उत्तर द्यायचं?

प्रत्येकाला उत्तर देणं लागत नाही. जवळच्यांसाठी एक वाक्य तयार ठेवा : "दिसते बरी, पण आज तासभरापेक्षा जास्त बसवणार नाही." त्यात तक्रार नाही आणि समोरच्याला काय करायचं ते कळतं. सोरायसिस किंवा कोड असलेल्यांची अडचण नेमकी उलटी असते : दिसतं सगळ्यांना, आणि सल्ले न मागता येतात. ते संसर्गाने पसरत नाही एवढं सांगायचं आणि विषय बदलायचा. स्टिरॉइडने गोल झालेला चेहरा मात्रा उतरली की हळूहळू पूर्ववत होतो. हे रुग्णाला कुणीतरी आधी सांगायला हवं.

१२. बायकोला ल्युपस आहे. मी काहीही बोललो तरी चुकतं. काय बोलू?

"सकारात्मक राहा" तेवढं टाळा. "आज काय करू? मदत हवी, सोबत हवी, की एकटं राहायचंय?" असं विचारा आणि मिळेल त्या उत्तराप्रमाणे वागा. सगळी कामं तिच्या हातून काढून घेऊ नका. आजारी माणसाला आपण निरुपयोगी झालो असं वाटायला हेही कारण पुरतं. तपासणीला एकदा तरी सोबत जा. घरात दिसणारे बदल तुम्हीच सांगू शकता (प्रश्न ५ आणि १५). आणि तुमची स्वतःची झोप उडाली असेल तर तुम्हीही कोणाशी तरी बोला. काळजी घेणाऱ्यांतही नैराश्य नेहमी दिसतं.

१३. रिपोर्ट उत्तम आहेत, आजार शांत आहे. मग आता का रडू येतं?

लढाई चालू असताना शोक करायला फुरसत नसते. आजार थंडावला की सुटलेली नोकरी, पुढे ढकललेलं लग्न, बदललेलं शरीर हे सगळं समोर येतं. शिवाय पुढची उसळी कधी येईल ही टांगती तलवार असतेच. साधी कणकण आली तरी छातीत धस्स होतं. ही भीती निराधार नाही, त्यामुळे "काही होत नाही" म्हणून ती जात नाही. "झालंच तर काय करायचं" हे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घेतलं की पुष्कळ कमी होते. रडू दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकलं तर रिपोर्ट कितीही चांगले असोत, उपचार घ्या.

१४. जगून काय करायचं, असं मनात येतं. हे कुणाला सांगितलं तर काय होईल?

सांगा, आजच. एका जवळच्या माणसाला आणि एका डॉक्टरांना. दीर्घ दुखण्यात असे विचार अनेकांना येतात. ऐकणारा बहुधा घाबरेल, पण मदतीची सुरुवात तिथूनच होते. मनात काही बेत आकार घेत असेल तर एकटे राहू नका. औषधांचा साठा दुसऱ्याच्या ताब्यात द्या आणि तातडीच्या सेवेला फोन करा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. विचार एखादं औषध सुरू केल्यावर किंवा मात्रा बदलल्यावर आले असतील तर ते आवर्जून सांगा. जवळच्या माणसाबद्दल शंका असेल तर सरळ विचारा. विचारल्याने कोणाच्या डोक्यात तसं येत नाही.

१५. ताईला ल्युपस आहे. चार दिवसांपासून तिला आवाज ऐकू येतात, तारीख सांगता येत नाही. हे डिप्रेशन का?

नाही, हे तातडीचं आहे. आज रुग्णालयात न्या. ल्युपस थेट मेंदूवर परिणाम करू शकतो. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने अशा १९ मज्जासंस्थेच्या आणि मानसिक अवस्थांची यादी केली, तिच्यात भ्रमिष्टपणा आणि तीव्र गोंधळ दोन्ही आहेत. दुसरी शक्यता स्टिरॉइडची. तिसरी संसर्गाची, कारण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असतात. तिन्हींचे उपचार वेगळे, किंबहुना उलट असू शकतात : ल्युपस असेल तर स्टिरॉइड वाढवायचं, स्टिरॉइडमुळेच झालं असेल तर कमी करायचं. म्हणून घरी अंदाज बांधत बसू नका. चालू औषधांची यादी आणि मात्रा कधी बदलली त्या तारखा सोबत न्या.

ज्यांना आधी कुठलाच आजार नाही अशा तरुणांतही अचानक विचित्र वागणं, झटके, बोलणं बंद होणं असं घडलं तर एनएमडीए रिसेप्टरविरोधी एन्सेफलायटिसचा विचार होतो. २००७ मध्ये नाव मिळालेला हा मेंदूचा ऑटोइम्यून आजार वेळेत ओळखला तर बरेच जण सावरतात.

मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये काहींना मनात तसं काही नसताना आवरता न येणारं हसू किंवा रडू येतं. ते नैराश्य नव्हे, त्यावर वेगळं औषध आहे.

१६. मूल हवंय. मनाच्या गोळ्या आधी थांबवू का?

स्वतःहून नको. मेथोट्रेक्सेट आणि मायकोफेनोलेट ही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं मात्र गर्भधारणेच्या आधीच, डॉक्टरांच्या देखरेखीखाली थांबवावी लागतात. मनःस्थितीसाठी व्हॅल्प्रोएट चालू असेल तर तेही गर्भाला घातक असल्याने बदलतात, पण तेही तज्ज्ञांनीच. अँटिडिप्रेसंटचा निर्णय माणसागणिक वेगळा असतो, कारण उपचार न केलेलं नैराश्यही आई आणि बाळ दोघांना सोसत नाही. बाळंतपणानंतर संधिवात उसळण्याची शक्यता असते आणि त्याच काळात थायरॉइडही बिघडू शकतो. त्यामुळे ओली बाळंतीण सारखी रडते म्हणून तिला समजावत बसण्याआधी रक्त तपासा.

१७. मला आधीपासून बायपोलर (उन्माद आणि नैराश्य आलटूनपालटून येणारा आजार) आहे, त्यावर लिथियम चालू आहे. आता ऑटोइम्यून आजारही निघाला. काय सांभाळायचं?

दोन्ही डॉक्टरांना एकमेकांचा नंबर द्या. अतिशयोक्ती वाटेल, पण इथे ते लागतंच. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या वेदनाशामकांनी रक्तातलं लिथियम वाढून विषबाधा होऊ शकते. ल्युपसने मूत्रपिंडं धरली असतील तर लिथियम बाहेर टाकणारा अवयवच अधू होतो. लिथियमने सोरायसिस भडकू शकतो आणि थायरॉइड मंदावू शकतो. स्टिरॉइडने उन्माद येऊ शकतो, म्हणून ते सुरू करण्यापूर्वीच मानसोपचारतज्ज्ञांना कळवायचं. लिथियमऐवजी कार्बामाझेपिन सुचवलं गेलं तर स्टिरॉइडचा परिणाम त्याने कमी होतो, हे संधिवाताच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. आणि औषध किंवा मात्रा बदलली की लिथियमची पातळी कधी तपासायची, ती तारीख दवाखान्यातून निघण्याआधी विचारून घ्या.